‘सायलेंट’ जनरेटरच्या वकिलांस उत्तर

मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन घेऊन डोंगरात मुक्काम करणाऱ्या हौशी मंडळींच्या बैठकीत विजेचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरल्याप्रमाणे पुढे येतो. बॅटरी हे चैनीचे खेळणे आहे आणि सूर्य पावसाळ्यात दडी मारतो, तेव्हा ज्याला शहाणपणाने प्रवास करावयाचा आहे त्याने पेट्रोलवर चालणारा लहानसा इन्व्हर्टर जनरेटर गाडीत टाकावा. हल्ली तो इतका शांत मिळतो की शेजारच्या तंबूतील माणसाची झोपही मोडत नाही. शिवाय त्याचा आवाज सरकारने घालून दिलेल्या मर्यादेत बसतो, सबब कोणाची तक्रार ऐकून घेण्याचे कारण उरत नाही. हे सारे इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते की नवखा माणूस खिशात हात घालून मोकळा होतो. या युक्तिवादातील पहिला भाग चुकीच्या हिशेबावर उभा आहे, दुसरा अर्धसत्य आहे आणि शेवटचा मला सरळसरळ उर्मट वाटतो. त्याचा यथाशक्ति प्रतिवाद करण्याचा माझा इरादा आहे.

प्रतिपक्षाला त्याचे जे न्याय्य श्रेय आहे ते आधी देऊन टाकतो. होंडा कंपनीने 1965 साली ई-300 नावाचा हातात उचलून नेता येणारा जनरेटर बाजारात आणला, तेव्हापासून या यंत्रात झालेली सुधारणा खरोखर कौतुकास्पद आहे. जुन्या पद्धतीच्या लहान जनरेटरचे इंजिन, त्यावर एक दिवा लागो की दहा, मिनिटाला 3000 फेरे घेत राहते, कारण आपल्या घरातील विजेला जी 50 हर्ट्झची लय लागते ती अन्यथा सांभाळता येत नाही. इन्व्हर्टर जनरेटरने हे बंधन तोडले: इंजिनाने निर्माण केलेला प्रवाह आधी सरळ करून घ्यायचा आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाने त्याला पुन्हा हवी ती लय द्यायची, म्हणजे भार कमी असेल तेव्हा इंजिनाने हळू चालले तरी बिघडत नाही. याच कंपनीच्या ईयू-2200आय या जगभर खपणाऱ्या यंत्राचा आवाज 7 मीटर अंतरावर 48 ते 57 डेसिबल भरतो असे तिचे माहितीपत्रक सांगते, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

वाद आहे तो या दोन आकड्यांच्या अर्थाविषयी. विक्रेता त्यांतील पहिलाच आकडा मोठ्याने सांगतो. परंतु 48 डेसिबल हा आवाज यंत्रावर त्याच्या शक्तीच्या एक चतुर्थांश भार असतानाचा, म्हणजे सुमारे साडेचारशे वॉट खेचले जात असतानाचा आहे. यंत्र पूर्ण भाराने राबू लागले की तो 57 वर जातो. डेसिबलची मोजपट्टी साध्या गुणाकार-भागाकाराची नसून घातांकाची आहे, आणि दहा डेसिबलची वाढ मानवी कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखी भासते. म्हणजे ज्या शांततेची किंमत मोजून यंत्र घरी आणले ती खरी गरज पडताच जवळजवळ निम्मी होते. आता अंतराचा विचार करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. त्या हिशेबाने 7 मीटरवरचे 57 डेसिबल 14 मीटरवर 51 होतात, 28 मीटरवर 45 आणि 56 मीटरवर 39. वारा नसलेल्या रात्री, पावसाळा सोडून इतर दिवसांत, धरणाच्या पाणफुगवट्याकाठचा स्वाभाविक आवाज तीसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. याचा अर्थ असा की पन्नास-साठ मीटरवर तंबू ठोकलेल्या माणसालाही या ‘शांत’ यंत्राची घरघर रातकिड्यांच्या वर स्पष्ट ऐकू येईल, आणि ज्याच्यासाठी तो इतका लांब आला ती गोष्ट त्याला मिळणार नाही.

त्यातही आपल्याकडे मुक्कामाच्या ज्या जागा लोकप्रिय झाल्या आहेत त्यांचा स्वभाव या बाबतीत फार प्रतिकूल आहे. मावळातील पवनेचा जलाशय घ्या, अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचा आर्थर लेक घ्या. दोन्हीकडे तंबू पाण्याच्या काठाकाठाने लागतात आणि भोवती डोंगरांच्या भिंती उभ्या असतात. सूर्य मावळल्यावर पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर थंड होते, आणि अशा थरांमधून जाणारा ध्वनी वर आकाशात विरून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा समोरच्या काठावरची हाक ऐकू येत नाही तिथे रात्री साधे बोलणेही ऐकू येते, हा अनुभव तळ्याकाठी राहिलेल्या कोणालाही आहे. वर सांगितलेला 6 डेसिबलचा नियम अशा ठिकाणी कागदावरच राहतो; प्रत्यक्षात आवाज त्याहून दूर पोहोचतो. लिंगाण्याच्या खांद्यावर किंवा रतनगडाच्या माचीवर, जिथे वारा सतत वाहत असतो, तिथे कदाचित जनरेटर खपूनही जाईल. परंतु तिथे मोटरहोम जात नाही.

या आवाजाबरोबर आणखी एक पदार्थ बाहेर पडतो, ज्याला आवाजही नाही आणि वासही नाही. पेट्रोलच्या अपूर्ण ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींच्या ओढीने चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही; म्हणून जनरेटर निजण्याच्या जागेपासून निदान 6 मीटर दूर, उघड्यावर आणि धूर पलीकडे जाईल अशा दिशेने ठेवावा, असे सुरक्षाशास्त्र बजावते. ही सूचना योग्य असल्याने मालक ती पाळतो. तो यंत्र आपल्या गाडीपासून सहा-सात मीटर सरकवतो, धुराड्याचे तोंड पलीकडे फिरवतो आणि निश्चिंत होऊन दार लावून घेतो. पण गर्दीच्या तळावर ‘पलीकडे’ कोणी तरी असतोच. आपल्या गाडीपासून दूर नेलेले यंत्र दुसऱ्याच्या तंबूजवळ गेले, एवढाच त्या व्यवस्थेचा निष्कर्ष. आवाज किती आहे याचा अभिप्राय देण्याचा अधिकार मग ज्याने दार लावून घेतले त्याला कसा पोहोचतो, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

कायद्याचा आधार घेणाऱ्यांनी तो कायदा एकदा वाचून पाहावा. ध्वनिप्रदूषणाविषयीचे 2000 सालचे केंद्रीय नियम प्रदेशांचे चार वर्ग करतात: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत निवासी भागाला 45 डेसिबल आणि शांतता क्षेत्राला 40 अशी मर्यादा आहे. तळ्याकाठच्या माळाचा किंवा रानाचा असा स्वतंत्र वर्गच त्या परिशिष्टात नाही, कारण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहर होते. त्यात भर म्हणजे आवाजाच्या पातळीविषयी फिर्याद घेऊन जाण्याची वाट नियमाने तेव्हा मोकळी केली आहे जेव्हा आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने किंवा त्याहून जास्त चढलेला असेल. ठाण्याच्या किंवा हडपसरच्या वस्तीतील रहिवाशाला निदान एवढे तरी संरक्षण मिळावे, या हेतूने आखलेली रेषा रानातील शांततेचे माप म्हणून पुढे करणे ही मखलाशी झाली. आणि मोठ्या तळांवर छपरामागे जो डिझेल जनरेटर ‘सायलेंट’ म्हणून धडधडत असतो त्याची मर्यादा तर याहून उदार आहे: 1 जानेवारी 2005 पासून तयार झालेल्या 1000 केव्हीएपर्यंतच्या संचाने आपल्या पेटीपासून 1 मीटरवर 75 डेसिबलच्या आत राहिले की सरकारचे समाधान होते. कायद्याने शिक्षा होत नाही एवढ्यावरून कृत्य सभ्य ठरत नाही, हे आपल्या समाजाला अन्य बाबतींत चांगले ठाऊक आहे.

आता हिशेबाकडे वळतो, कारण माझ्या मते या सबंध वादाचे मूळ तिथेच आहे. जनरेटर घेणारा माणूस प्रथम यंत्र पसंत करतो आणि मग त्याला काय जोडता येईल याचा विचार करतो. त्याने उलट दिशेने चालले पाहिजे. चार माणसांच्या कुटुंबाला एका दिवसाच्या मुक्कामात खरोखर किती वीज लागते? बारा व्होल्टवर चालणारा चाळीसेक लिटरचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना 45 वॉट घेतो आणि उन्हाळ्यात साधारण निम्मा वेळ चालू राहतो, म्हणजे दिवसाकाठी सुमारे 540 वॉट-तास. पंधरा-पंधरा वॉटचे दोन पंखे रात्रभर आठ तास फिरले तर 240. पाच वॉटचे चार एलईडी दिवे चार तास जळले तर 80. चार मोबाइल भरावयास 60, एक लॅपटॉप भरावयास तितकेच, आणि पाण्याचा पंप अधूनमधून खेचील ते वीस. ही बेरीज 1000 वॉट-तास होते. आपल्या वीजबिलाच्या भाषेत फक्त एक युनिट. बारा व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची एकच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 1280 वॉट-तास साठवते आणि त्यांतील नऊ दशांश भाग निःशंकपणे वापरू देते. ज्या कामाला आसनाखाली बसणारी एक पेटी पुरते त्या कामासाठी इंजिन, कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग, इंजिन ऑइल आणि पेट्रोलचा डबा सोबत वागवणे, हे मला देवघरातील निरांजनासाठी तेलाचा घाणा विकत घेण्यासारखे वाटते.

हेच एक युनिट जनरेटरकडून काढले तर काय पडते तेही पाहू. वर उल्लेखिलेल्या यंत्राची टाकी 3.6 लिटरची आहे आणि चतुर्थांश भारावर ती सुमारे आठ तास पुरते. साडेचारशे वॉटने आठ तास म्हणजे 3.6 युनिट, म्हणजेच एका युनिटामागे एक लिटर पेट्रोल. पूर्ण भारावर तीच टाकी तीन तासांच्या थोडी वर चालते आणि साधारण 5.8 युनिट देते. लिटरभर पेट्रोलात नऊ युनिटांच्या आसपास उष्णता भरलेली असते. हलक्या भारावर तिच्यापैकी नवव्या हिश्श्याचीच वीज होते आणि बाकीची रानाला ऊब देण्यात खर्ची पडते. वाचकांनी येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी, कारण विक्रेता ती सांगणार नाही: हे यंत्र ज्या भारावर शांत असते त्याच भारावर ते सर्वाधिक उधळे असते, आणि ज्या भारावर काटकसरी असते त्या भारावर सर्वाधिक बडबडे. शांतता आणि काटकसर हे दोन्ही गुण जाहिरातीत शेजारी छापलेले असले तरी यंत्रात ते एका वेळी नांदत नाहीत. महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची वेस ओलांडून बराच काळ लोटला आहे. त्या दराने घरच्या मीटरवरील युनिटाशी याची तुलना करण्याचे काम मी वाचकांवर सोपवतो.

‘पण बॅटरी भरणार कशी?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. घरून निघण्याच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या सॉकेटला लावून ती भरावी, हे पहिले उत्तर इतके साधे आहे की ते कोणी देत नाही. दुसरे उत्तर स्वतः मोटरहोमच देते. मोटरहोमला इंजिन आहे, त्या इंजिनाला अल्टरनेटर आहे, आणि ती गाडी मुक्कामापर्यंत काही उडत येत नाही. मुंबईहून भंडारदऱ्याला यावयाचे तर चार तासांवर वेळ मोडतो. अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्या मध्ये 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला तर ताशी सुमारे 400 वॉट-तास आत जातात. तीन तासांच्या प्रवासात वर मांडलेल्या संपूर्ण दिवसाची बेगमी होऊन वर काही शिल्लक राहते. हा चार्जर मात्र वगळू नये. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी आपला व्होल्टेज मनास येईल तसा खाली-वर करतात, आणि नुसती तार जोडणाऱ्याची बॅटरी अर्धपोटी राहते; मग तो गावभर सांगत सुटतो की बॅटरी कामाची नाही. दुसरी अशीच एक फसगत मोठ्या इन्व्हर्टरची. 230 व्होल्टचा इन्व्हर्टर काहीही जोडलेले नसताना दहा-वीस वॉट पीत बसतो. तो चोवीस तास चालू ठेवणाऱ्याच्या विजेचा तिसरा हिस्सा कोणाच्याही उपयोगी न पडता जातो. फ्रिज, पंखे आणि दिवे थेट बारा व्होल्टवर घ्यावेत व इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता लावून लगेच बंद करावा.

सूर्य पावसाळ्यात दडी मारतो, हे खरे आहे. दोनशे वॉटची सोलर पट्टी जानेवारी ते मे या काळात निरभ्र दिवशी 700-800 वॉट-तास देते आणि आषाढात ती चतुर्थांशावर आली तरी आश्चर्य नाही. पण आषाढात सह्याद्रीत फ्रिजही कमी चालतो, पंखा तर कोणी लावीत नाही, आणि एका जागी आठवडाभर गाडी उभी करून बसणारा प्रवासी मी फार थोडा पाहिला आहे. जो चालत राहतो त्याची बॅटरी चालण्यानेच भरते. या आक्षेपाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

बॅटरी पेट घेते, हा आक्षेप वृत्तपत्रांतील स्कूटरींच्या आगीमुळे लोकांच्या मनात घर करून बसला आहे आणि त्याला तुच्छतेने उत्तर देणे योग्य नाही. लिथियम बॅटऱ्या सर्व एका जातीच्या नसतात. लोह आणि फॉस्फेट यांचे जे संयुग आज या पेट्यांत वापरतात ते टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे होते, आणि गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कार्यासाठी 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या संयुगातील प्राणवायू फॉस्फेटाशी घट्ट बांधलेला असतो, तो तापल्यावर सहजी सुटत नाही, म्हणून कोबाल्टयुक्त जातींपेक्षा हिची पेट घेण्याची प्रवृत्ती पुष्कळ कमी असते; शिवाय ती हजारो वेळा भरून रिकामी करता येते, जिथे शिशाची जुनी बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की कुरकुरू लागते. निकृष्ट जोडणीची बॅटरी धोक्याची असतेच. परंतु गाडीच्या पोटात पेट्रोलचा डबा घेऊन हिंडणाऱ्याने आगीची भीती दाखवावी, यातील विनोद त्याच्या लक्षात येत नसावा.

लडाखचा दाखला दोन्ही बाजूंना देता येतो, म्हणून तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही बॅटरी शून्य अंशाखाली भरू नये, तशाने ती कायमची बिघडते. तेव्हा थंडीच्या तोंडावर तिकडे जाणाऱ्याने ती गाडीच्या आत, उबेत ठेवली पाहिजे. परंतु जनरेटरची अवस्था तिथे अधिक दयनीय होते. हवा विरळ झाली की दर 300 मीटर चढाईमागे इंजिनाची शक्ती साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. लेह 3500 मीटरवर आहे, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत यंत्राची चाळीस टक्के ताकद वाटेतच सांडलेली असते.

उरला एअर कंडिशनर. येथे मी प्रतिपक्षाशी वाद घालणार नाही. एक टनाचा एसी रात्रभर चालवावयाचा तर पाच-सहा युनिट लागतात आणि एका पेटीच्या बॅटरीला ते झेपत नाही. कोणाला आजारपणामुळे तो हवाच असेल तर त्याने जनरेटर न्यावा, दिवसा पूर्ण भारावर चालवून मोठा बॅटरीसंच भरून घ्यावा आणि अंधार पडल्यावर बंद करावा. निरोगी माणसाने मात्र आधी एवढे पाहावे की भंडारदऱ्याला, महाबळेश्वराला किंवा आंबोलीला रात्री एसीची गरज वर्षातील किती दिवस पडते. मेमध्ये कोकण किनाऱ्यावर ज्याला तो लागतो त्याने विजेची जोडणी असलेल्या जागी गाडी उभी करावी. राज्याने 2021 साली जे कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले त्यात रस्ता, पाणी आणि वीज यांनी युक्त अशा कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. प्रवाशांच्या संघटनांनी जनरेटरच्या मुभेसाठी दरखास्ती करण्यापेक्षा त्या जोडण्या गावोगाव व्हाव्यात म्हणून तगादा लावावा, तर त्यांच्या श्रमाचे चीज होईल.

अकोले तालुक्यात मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत पुरुषवाडी-भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे फुलतात, आणि ते पाहावयास येणाऱ्यांचेच जनरेटर अलीकडे तिथे ऐकू येतात. काजव्याचा नर प्रकाशाची उघडझाप करून मादीला साद घालतो. भोवती झगझगाट असेल तर ती साद पोहोचत नाही. जनरेटरवाल्यापाशी वीज फुकट वाया जात असते, म्हणून तो झगझगाट करतो. बॅटरीवाल्याला प्रत्येक वॉट मोजावा लागतो, म्हणून तो दिवा मालवतो. वन विभागाने आणि तळ चालवणाऱ्या ग्रामस्थांनी या पंधरवड्यात तरी सूर्यास्तानंतर इंजिनाला पूर्ण बंदी घालावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

बॅटरीचीही बाजू मी वकिलासारखी रंगवून मांडणार नाही. तयार पॉवर स्टेशनच्या पेटीत पंखा असतो, वेगाने भरताना तो चांगलाच घोंघावतो, आणि एकदा बॅटरी उतरली की जनरेटरसारखे दोन लिटर पेट्रोल ओतून काम भागत नाही. म्हणून निर्णय आकड्यांवर करावा. आपल्या गाडीतील प्रत्येक उपकरणाचे वॉट आणि ते किती तास चालते हे कागदावर मांडा. बेरीज दीड युनिटाच्या आत आली, तर जनरेटरच्या दुकानाची पायरी चढू नका.